डॉक्टरणीचा बाप

प्रिय सुहैला,

हे अक्षर कोणाचं म्हणून दचकू नकोस. बाबाचंच आहे. सैन्यात होतो तेव्हा तुझ्या आजीला दोन-चार पत्रं पाठवली होती, त्यानंतर आज लिहितोय. तू फोन बंद करून ठेवलायस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोन उचलावासा वाटेल असं मी तरी शेवटचं काय बोललो होतो! पण बोलायचं तर आहे. म्हटलं, कागदाला काही बंद करता येत नाही, फार तर घडी घालून उशीखाली ठेवशील. ठेव. जमेल तेव्हा वाच. यात रागावणं नाही, एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिल्याच ओळीला धसका घेणार नाहीस.

मनारचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, खोलीत अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं. तिने खरं तर तुझ्या आईला फोन केला होता, पण आई गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होती म्हणून मी उचलला. पोरगी गडबडली. "काका, काकूंना द्या ना जरा." मी म्हटलं, "काकू कबुतरांत आहेत, मला सांग." मग तिने सांगितलं. तू कॉलेजात जात नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. तिने खानावळीतून ताट आणून ठेवलं तर संध्याकाळी तसंच उचलावं लागतं. हजेरी इतकी खाली गेली आहे की परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि म्हणाली, "काका, ती म्हणते, मला कॉलेजात जायला तोंड नाही आणि घरी जायलाही तोंड नाही, मग मी जाऊ कुठे?" याच्यापुढे तिने तुझं आणखी एक वाक्य सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तू बोललीस ते तुला माहीत आहे, मी ऐकलं ते मला. फोन हातात धरून मी जिन्यातच बसलो आणि तुझी आई वरून ओरडत राहिली, कोणाचा फोन, अहो कोणाचा फोन! परीक्षा गेली खड्ड्यात, सुहैला. मला तू पाहिजेस. हे खाली कुठेतरी लिहिलं असतं तर तिथपर्यंत तू वाचशील की नाही कोण जाणे, म्हणून आत्ताच लिहिलं.

घरचं म्हणशील तर ठीक चाललंय. आईचा हंस आता फारच माजलाय. परवा स्टँडवरचा शिहाता मला हाक मारायला आला तर त्याने त्याच्या पोटरीचा असा चावा घेतला की तो माणूस आपल्या उंबऱ्यावर नाचला. आई म्हणते, "हंसाला माणसं बरोबर कळतात." शिहाता म्हणतो, "भाभी, हा हंस तुझ्या नवऱ्यावर गेलाय, काही विचारायच्या आत चावतो." बोलला थट्टेत, पण मला लागलं. कालव्याकडच्या रस्त्याचं काम पुन्हा अर्धवट टाकलंय, त्यामुळे मायक्रोबसच्या महल्ला शहराच्या फेरीला वेळ लागतो आणि सगळी सीटं, म्हणजे गाडीत बसलेली माणसं, मलाच शिव्या देतात, जसा काही रस्ता मी उकरून ठेवलाय. तुझी खोली आई रोज झाडते. तू येणार नाहीस हे माहीत असतं तरी झाडते.

आता गाडीवरच्या त्या अक्षरांचं बोलतो. तुला आठवतो तो बारावीच्या निकालाचा दिवस? तू मार्क वाचलेस आणि आई इतक्या जोरात झगारीत करायला लागली की कालव्यापलीकडच्या बायकांनी तिकडून जिभा वाजवून साथ दिली. मी लाल सरबताचं पातेलंच दारात आणून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजलं. त्या गाढवगाडीवाल्याला पाजलं, त्याच्या गाढवाला सुद्धा पाजायला निघालो होतो. प्रत्येक जण म्हणत होता, एवढे मार्क म्हणजे डॉक्टरच! कॉलेजांची यादी लागायला अजून कितीतरी अवकाश होता. तूच म्हणालीस, "बाबा, जरा थांबा, यादी लागू दे." पण मी कसला थांबतोय! बाजारात तुरी, आणि मी इकडे फोडणी टाकून बसलो. त्याच दुपारी गाडी घेऊन उस्ताद हिलमीकडे गेलो आणि मागच्या काचेखाली लाल रंगात, सोनेरी किनार देऊन लिहून घेतलं: 'डॉक्टरणीचा बाप'. हिलमीने स्वतःच्या मनाने शेजारी एक स्टेथोस्कोप काढला. तो हुक्क्याच्या नळीसारखा दिसत होता. मी म्हटलं, "असू दे रे, नळी तर नळी."

मग यादी लागली आणि तुझा नंबर मेडिकलला लागला नाही, नर्सिंगला लागला. थोडक्यात हुकलं. त्या दिवशी तू रडलीस, तोंड धुतलंस आणि बाहेर येऊन मला एकच वाक्य म्हणालीस, "बाबा, आता ते पुसून टाका ना." मी म्हणालो, "हो हो, शुक्रवारी पुसतो." सुहैला, त्यानंतर किती शुक्रवार आले नि गेले. दर शुक्रवारी मी गाडी धुतली. फडक्याने त्या अक्षरांवरची धूळ मीच पुसली, आणि अक्षरं तेवढी ठेवली.

मी खोटं बोललो असं म्हणायला सुद्धा मला फार दिवस लागले. मी स्वतःला सांगायचो, मी कुठे काय बोललो? माणसं गाडीच्या मागचं वाचून चढायची आणि म्हणायची, "माशाल्ला, पोरगी मेडिकलला का?" मी नुसता म्हणायचो, "अल्लाची कृपा." आता अल्लाची कृपा म्हणणं खोटं थोडंच आहे! तू शहरात गेलीस, पांढरा कोट घातलेला फोटो पाठवलास, तो मी आरशाखाली अडकवला. कोट काय, सगळेच पांढरे. मग कोणी विचारलं, "कितवं वर्ष?" मी म्हणायचो, "पहिलं." कोणी विचारलं, "पुढे कशाची डॉक्टर होणार?" तर त्या दिवशी काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "हृदयाची." झालं! त्या दिवसापासून अख्खा स्टँड मला हृदयाचा बाप म्हणायला लागला. शिहाता तर रोज, "काय रे हृदया, माझ्या म्हशीची छाती धडधडते, पोरीला फोन लावून विचार की." आणि मी हसायचो. मला ते आवडायचं गं. साठ साली जन्मलेल्या माझ्या बापाला सही करता येत नव्हती, मी सहावीत शाळा सोडली, आणि आता माणसं मला उठून जागा द्यायची. चहाच्या टपरीवर माझी खुर्ची आधी पुसायची. ही चटक वाईट असते, सिगरेटपेक्षा वाईट.

आणि तू घरी आलीस की मी काय करायचो? मोठ्या रस्त्यावर तुला घ्यायला यायचो, त्याच गाडीतून, तीच अक्षरं मिरवत. घरी पोचेपर्यंत दारात रांग. कोणाचं ब्लडप्रेशर, कोणाच्या नातवाची खरूज, कोणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत. तू बिचारी प्रवासाची थकलेली, त्या सगळ्यांना म्हणायचीस, "मावशी, पाणी जास्त प्या. काका, दवाखान्यात दाखवून घ्या." आणि मग माझ्याकडे एकदा बघायचीस. ते बघणं मला कळायचं. मी लगेच तुझ्या आईला म्हणायचो, "इन्शिराह, चहा टाक!" तू येणं कमी केलंस, तर मी लोकांना सांगितलं, अभ्यास फार असतो. तुझ्या आईने मला दोनदा सांगितलं, "पोरगी वाळत चाललीय." मी म्हटलं, "खानावळीचं जेवण."

तू स्वयंपाकघरात आईजवळ बोलायचीस ते मला भिंतीतून ऐकू यायचं, हे तुला माहीत नसेल. शाळेत सगळं अरबीतून शिकलीस, कायम पहिली आलीस, आणि इथे पुस्तक उघडलं तर सगळं इंग्रजी. एक पान वाचायचं तर शब्दांचे अर्थ शोधण्यात संध्याकाळ जाते, आणि अर्थ सापडेपर्यंत पहिली ओळ विसरलेली असते. शहरातल्या शाळांमधून आलेल्या मुली भराभर लिहून घेतात आणि तू शेवटच्या बाकावर बसून लिहिल्याचं नाटक करतेस. हॉस्पिटलात पहिल्यांदा नेलं तेव्हा एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धुताना तुला चक्कर आली, तू पडलीस, आणि शिकवणारी बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "जिला हे बघवत नाही तिने घरी बसून मशीनवर शिवण करावं." मुली हसल्या. हे तू आईला सांगत होतीस आणि आई द्राक्षाच्या पानांत भात भरता भरता डोळे पुसत होती. बाहेर मी टीव्हीवर मॅच बघत होतो. मी तुला बाहेरून हाक मारली नाही. उठून आलो नाही. उलट जेवताना मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "पहिल्या वर्षी सगळेच पडतात, मेडिकलचं असंच असतं." मेडिकलचं! घरात, तुझ्यासमोर, फक्त आपण तिघं असताना. स्वतःचं खोटं मी इतकं पचवलं होतं की ते कोणासमोर बोलायचं आणि कोणासमोर नाही, एवढंही भान मला राहिलं नव्हतं. त्या वेळी तू घास खाली ठेवलास. मी ते बघितलं आणि आईला म्हणालो, मला आणखी वाढ.

आणि मग तो शुक्रवार. त्याच्याबद्दल लिहिताना माझी मान इथे एकट्यात सुद्धा वर होत नाही. समोरच्या उम्म इमादला गुडघेदुखीसाठी ताकदीची इंजेक्शनं सांगितली होती. ती आपली औषधाच्या दुकानात जाऊन टोचून घेत होती, कोणाला काही त्रास नव्हता. मीच तिला म्हटलं, "घरात डॉक्टरीण असताना दुकानात कशाला जातेस?" नमाजानंतर जेवायला शिहाता आणि त्याची बायको आलेली, वरच्या मजल्यावरची मंडळी आलेली, आणि मी सुई, कापूस, बाटली सगळं ताटात मांडून आणलं, जसं काही नवरदेवापुढे न्यायचंय. तू हळूच म्हणालीस, "बाबा, हे आम्हाला अजून शिकवलेलं नाही. पुतळ्यावर सुद्धा नाही." मी म्हटलं, "अगं, दुकानातला पोऱ्या देतो, तुला नाही जमत होय?" उम्म इमाद म्हणाली, "राहू दे हो, पोरीला जेवू तरी द्या." मी ऐकतोय होय! मी तुझ्या हातात सुई दिली. तुला सुईची टोपीच काढता येईना. सगळे बघत होते. मग तू सुई ताटात ठेवलीस आणि अगदी शांतपणे म्हणालीस, "मी डॉक्टर होणार नाही. मी मेडिकलला नाहीच. मी नर्सिंगला आहे, आणि ते सुद्धा मला जमत नाहीये."

त्या वेळी कोणताही बाप काय करेल? उठेल, पोरीच्या डोक्यावर हात ठेवेल. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "मग मी कोणाचा बाप?"

हे बोललो तेव्हा माझ्या मनात गाडीवरची अक्षरं होती गं. वल्लाही, फक्त अक्षरं. पण तुझ्या कानांना ते कसं ऐकू आलं असेल हे मला तुझा चेहरा बघून कळलं, आणि कळूनही मी गप्प बसलो. तू पिशवी भरलीस आणि गेलीस. शिहाता तुला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला गेला, त्याच्या गाडीतून. माझी गाडी दारात उभी होती. तू तिच्याकडे बघितलंस सुद्धा नाहीस. परत आल्यावर शिहाताने पहिल्यांदाच काही थट्टा केली नाही. चहाही घेतला नाही त्याने.

तू गेल्यावर आईने दृष्ट काढायला घेतली. कागदाची बाहुली कापली आणि सुईने एकेक भोक पाडत एकेकाचं नाव घ्यायला लागली, ही उम्म इमादची दृष्ट, ही वरच्या मजल्यावरचीची, ही शिहाताच्या बायकोची, ही स्टँडवरच्या सगळ्यांची. मी बसून बघत होतो. शेवटी मी म्हटलं, "दे इकडे." आपल्याकडे म्हणतातच ना, मालाला दृष्ट लागते ती मालकाचीच. मी सुई घेतली आणि बाहुलीच्या बरोबर मध्ये टोचून म्हणालो, "ही बापाची." आईने बाहुली जाळली, राख हातावर घेतली आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली ती थांबेना. म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला कधी कळणारच नाही."

तरीसुद्धा त्याच दिवशी मी तुला फोन करायला हवा होता. नाही केला. आज करू, उद्या करू. पोर आहे, राग उतरेल, आपणहून करेल. बापाने माफी मागायची म्हणजे जीभ जड होते. मग मनारचा फोन आला आणि जिभेचा प्रश्नच उरला नाही. पण तोवर तुझा फोन बंद झाला होता.

मग मी पहिलं काम केलं ते हिलमीकडे गेलो. म्हटलं, "पूस." तो म्हणाला, "काय झालं रे? पोरीने कॉलेज सोडलं का?" मी म्हटलं, "नाही. पोरगी नर्सिंगला आहे. पहिल्यापासून नर्सिंगलाच आहे. आणि आता ती आजारी आहे, मनाने आजारी आहे, आणि त्याला निम्मं कारण मी आहे." हे मोठ्याने म्हणालो, कारण तिथे पाच-सहा जण गाड्या घेऊन बसले होते आणि मला ते एकदाच सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं होतं. हिलमी रंग खरवडत होता. विचारलं, "याच्या जागी काय लिहू? एखादी आयत, एखादा शेर?" म्हटलं, "काही नको." आता तिथे एक चौकोनी फिकट डाग आहे, बाकी गाडीच्या रंगाशी जुळत नाही.

घरी आलो तर उम्म इमाद दारात. म्हटलं, हिलाही सांगून टाकावं, तर मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "अरे बय्यूमी, माझ्या जावेची भाची तुझ्या पोरीच्याच वर्गात आहे. आम्हाला कॉलेज सुरू झालं तेव्हापासून माहीत आहे. सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुझं मन कशाला मोडा म्हणून गप्प बसलो." मी तिथेच गार. म्हटलं, "मग तुम्ही तिला दुखणी का दाखवत होता?" तर म्हणते, "पोरगी येताना इतकी खाली मान घालून यायची की वाटायचं, हिला काहीतरी विचारावं म्हणजे हिला बरं वाटेल." ऐकलंस? त्यांना वाटत होतं तुझी मान उचलतोय, मला वाटत होतं माझी उंची वाढतेय, आणि आम्ही सगळे मिळून तुला आणखीनच खाली दाबत होतो. कोणाला फसवलं म्हणायचं मी? कोणालाच नाही. एकटी तू तेवढी या सगळ्याखाली चिरडलीस. शरमेने माणूस मरत नाही हे त्या दिवशी मला कळलं, कारण मरत असता तर मी उम्म इमादच्या दारातच मेलो असतो.

आता तुला एक अशी गोष्ट सांगतो जी तुझी आई सोडून कोणाला माहीत नाही. शिहातालाही नाही. तू लहान होतीस, तेव्हा काही दिवस मी गाडी काढली नव्हती, आठवतं? इंजिन बिघडलंय असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. इंजिनाला काही झालं नव्हतं. कालव्याच्या वळणावर माझी गाडी घसरली होती आणि सगळी सीटं आत असताना एका बाजूचं चाक पाण्यावर लोंबत राहिलं होतं. कोणाला खरचटलं सुद्धा नाही, लोकांनी उतरून गाडी ढकलली, हसले, गेले. पण दुसऱ्या दिवशी मी चावी हातात घेतली आणि माझ्या छातीत असं काही सुरू झालं की मी गाडीतून उतरून भिंतीशी बसलो. रोज तसंच. मग मी उठेनासा झालो, जेवेनासा झालो. मी सुद्धा भिंतीकडे तोंड करून पडायचो, सुहैला. लोक विचारायचे, "इंजिनाचं काय झालं?" आणि मी आतून ओरडायचो, "पार्ट मिळत नाही!"

मग तुझी आई मला तनता शहरात घेऊन गेली. गल्लीत सांगितलं, सय्यद बदवींच्या दर्ग्याला चाललोय. गेलो ते मनाच्या डॉक्टरकडे. तिथे बाकावर बसून मी कोणी ओळखीचं दिसतंय का म्हणून डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला होता. डॉक्टर म्हातारा होता, चांगला होता. त्याने मला वेडा म्हटलं नाही. म्हणाला, "हात भाजला असता तर लपवला असता का?" गोळ्या दिल्या, बोलत बसला. आम्ही पुन्हा पुन्हा गेलो आणि दर वेळी परत येताना तिथले भाजलेले हरभरे आणि तिळाचा हलवा आणला, म्हणजे दर्ग्याला जाऊन आल्याचं लोकांना खरं वाटावं. ते हरभरे तू फ्रॉकच्या खिशात भरून गल्लीभर वाटायचीस. हळूहळू मी गाडीत बसायला लागलो, मग सुरू करायला लागलो, मग कालव्यापर्यंत गेलो. एक दिवस महल्ल्याला जाऊन आलो. मी बरा झालो आणि ते कोणाला कधीच सांगितलं नाही. मला वाटायचं, मनाच्या डॉक्टरकडे गेलेल्या माणसाच्या पोरीला उद्या कोण मागणी घालेल! म्हणजे बघ, तेव्हाही तुझ्याच भल्यासाठी लपवलं, आणि ते लपवलं म्हणून आज तू या अंधारात एकटीच आहेस, तुला वाटतंय असं फक्त तुझंच होतं. ते माझंही झालं होतं. ते बरं होतं. मी बरा होऊन इतकी वर्षं लोकांना शिव्या देत गाडी हाकतोय, याहून मोठा पुरावा काय देऊ?

आता हे का लिहिलं ते सांगतो. सुहैला, मी घरून लिहीत नाहीये. मी तुझ्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गाडीत बसलोय आणि स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. तुझी आई शेजारी आहे, तिच्या मांडीवर भरलेल्या पानांचं पातेलं आहे आणि ती दर थोड्या वेळाने विचारते, "झालं का हो, किती लिहिताय?" तुमच्या त्या मॅडम फिक्रिया पुरुषांना आत सोडत नाहीत, आणि बरोबरच आहे. त्यांनी एवढंच कबूल केलंय की पत्र मनारच्या हाती वर पाठवतील. आईला सोडत होत्या, पण मी तिला थांबवलं. म्हटलं, अचानक डोक्याशी जाऊन उभं राहायचं नाही, आता पोरीला आधी विचारायचं. मॅडमनी हेही सांगितलं की डॉक्टरांचा कागद दिला तर हे वर्ष थांबवता येतं, नाव जात नाही. थांबवायचं का, पुन्हा बसायचं का, नर्स व्हायचं का, हे सगळं तू बरी झाल्यावर ठरव, आणि तू ठरवशील ते मी गल्लीत एका शब्दात सांगेन, सोनेरी किनार न लावता. आज फक्त खाली ये. आहे त्या कपड्यांत ये, केस विंचरू नकोस, तोंड धुऊ नकोस. तुला पाहिजे तर तनताला जाऊ, नको असेल तर नुसतं कालव्यापर्यंत जाऊन येऊ, आणि बोलायचं नसेल तर मी आरशात बघणार सुद्धा नाही. आज जमलं नाही तर उद्या येईन, परवा येईन. तुला माहीतच आहे, आम्हा मायक्रोबसवाल्यांना वेळापत्रक नसतं, सगळ्या जागा भरल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही, आणि भरेपर्यंत वाट बघायची आम्हाला सवय असते. आज या गाडीत एकच सीट घ्यायचंय. ते आल्याशिवाय मी इथून गाडी हलवणार नाही.

तुझाच, आणि तुझाच फक्त,
बाबा